मराठीत विनामूल्य अभ्यासक्रम खुले करा : पुण्यातील विद्यापीठांस आणि संशोधन संस्थांस खुले पत्र

प्रति,
पुण्यातील विद्यापीठे, संशोधन संस्था आणि महाविद्यालये यांचे कुलगुरू, संचालक आणि प्राचार्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यातील एका रात्रशाळेत सव्वीस वर्षे इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर आता धायरीतील एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत आठवड्यातून दोन संध्याकाळी माझे जुने विद्यार्थी आणि त्यांनी बरोबर आणलेली माणसे जमतात. त्यांत सोसायट्यांचे वॉचमन आहेत, खानावळीत पोळ्या लाटणाऱ्या बायका आहेत, मार्केट यार्डातले हमाल आहेत, दोन आशासेविका आहेत आणि रिक्षा चालवून मुलीला इंजिनिअर केलेले एक गृहस्थ आहेत. यांपैकी कोणालाही आता परीक्षा द्यायची नाही. त्यांना समजून घ्यायचे आहे. त्यांच्याबरोबर बसताना जे दिसले, त्यावरून मी आपणांस एक विनंती करत आहे. इतिहास, राज्यव्यवहार, विज्ञान आणि आरोग्य या विषयांचे, प्रौढ माणसाने आपल्या सवडीने घरी शिकावेत असे, सलग आणि पूर्ण अभ्यासक्रम आपण मराठीत तयार करावेत आणि ते इंटरनेटवर कायमचे, विनामूल्य खुले ठेवावेत.

ही विनंती मनात पक्की झाली ती जानेवारी २०२५ मध्ये. त्या महिन्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, म्हणजे आमच्याच भागात, गुलेन बॅरी सिंड्रोमचे, ज्याला सगळे जीबीएस म्हणू लागले त्याचे रुग्ण आढळू लागले आणि पुढे त्यांची संख्या दोनशेच्या वर गेली. आमच्या शेजारचे नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी ही नावे रोज बातम्यांत येत होती. त्या आठवड्यात आमच्या खोलीत बसायला जागा नव्हती. एका बाईंच्या मोबाईलवर सहा निरोप आले होते. एकात कोंबडी खाऊ नका असे होते, दुसऱ्यात पनीर बंद करा, तिसऱ्यात हा आजार रुग्णाला शिवल्याने होतो, चौथ्यात कसल्याशा काढ्याची कृती, आणि उरलेल्या दोहोंत याच गोष्टी फिरवून सांगितलेल्या. त्यांच्या शेजारच्या इमारतीत एक रुग्ण होता आणि त्या मजल्यावर दूध टाकायलाही कोणी जाईना.

मी मराठीत शोधू लागले. बातम्या मिळाल्या, रोजचे आकडे मिळाले, सूचनांची पत्रके मिळाली. सूचना योग्यच होत्या : पाणी उकळून प्या, मांस नीट शिजवून खा, हातापायांतली शक्ती अचानक कमी झाली तर ताबडतोब रुग्णालय गाठा. पण हे असे का, ते पहिल्यापासून समजावून सांगणारे काही माझ्या हाती लागले नाही. इंग्रजीत मात्र अर्ध्या तासात एका परदेशी विद्यापीठाचा रोगप्रतिकारशक्तीवरचा अख्खा अभ्यासक्रम विनामूल्य सापडला. दोन रात्री जागून मी त्याचे पहिले पाठ पाहिले, वहीत टिपणे काढली आणि तिसऱ्या दिवशी फळ्यावर चित्र काढले. विजेच्या तारेवर प्लॅस्टिकचे वेष्टन असते तसे आपल्या मज्जातंतूंवरही वेष्टन असते. दूषित पाण्यातून किंवा अर्धकच्च्या मांसातून पोटात गेलेल्या कॅम्पिलोबॅक्टरसारख्या जीवाणूशी लढायला शरीर प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडी तयार करते. त्या जीवाणूच्या अंगावरचे काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखे दिसतात, आणि क्वचित एखाद्याच्या शरीरात या अँटीबॉडी ओळखायला चुकतात आणि आपल्याच तंतूंवर उलटतात. म्हणून जुलाब होऊन गेल्यावर काही दिवसांनी पाय जड पडतात, अशक्तपणा खालून वर चढत जातो, आणि तो श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचला तर व्हेंटिलेटर लावावा लागतो. लवकर उपचार मिळाले तर बहुतेक माणसे बरी होतात, जरी त्याला आठवडे किंवा महिने लागले तरी. आणि मज्जातंतूंवर उलटलेली ही प्रतिकारशक्ती एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही.

चित्र पुसण्याआधी त्या बाईंनी विचारले, ‘मग बाई, कोंबडीचं ते खरं की खोटं?’ प्रश्न नेमका होता. हा जीवाणू कोंबड्यांच्या आतड्यात आढळतो, त्यामुळे निरोपात अर्धे सत्य होते. नीट शिजवलेली कोंबडी खाण्यात धोका नाही, हा दुसरा अर्धा भाग त्यात नव्हता. त्यांनी ते वहीत लिहून घेतले. त्या रात्री रुग्णाच्या घरी त्यांच्याकडून डबा गेला.

हे सांगण्याचे कारण वेगळे आहे. मी इतिहासाची शिक्षिका आहे. प्रतिकारशक्ती शिकवण्याचा माझा अधिकार नव्हता, आणि माझ्याकडून एखादी चूक झाली असती तर ती दुरुस्त करायला त्या खोलीत कोणी नव्हते. त्याच दिवसांत याच शहरातील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत रुग्णांचे नमुने तपासले जात होते. जाणते लोक आणि विचारणारे लोक एकाच शहरात, एकाच धरणाचे पाणी पीत राहत होते. त्यांच्यामध्ये मराठीतला एक अभ्यासक्रम नव्हता. त्याची जागा त्या सहा निरोपांनी घेतली.

ज्ञान विनामूल्य उघडे करण्याची रीत आता जुनी झाली आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने आपल्या वर्गात शिकवले जाणारे साहित्य जगाला फुकट देण्याचे २००१ मध्ये जाहीर केले आणि २००७ पर्यंत आपले जवळजवळ सगळे अभ्यासक्रम खुले केले. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने, ज्याची स्थापना १९६९ ची, २००६ मध्ये ‘ओपनलर्न’ सुरू केले. तेथे इतिहासापासून आरोग्यापर्यंतचे छोटे अभ्यासक्रम कोणालाही, कोणत्याही अटीशिवाय शिकता येतात. आपल्याकडे सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये ‘एनपीटेल’ उभे केले आणि २०१७ मध्ये केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ आले, जेथे शिकण्याला पैसे पडत नाहीत, केवळ प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क आहे. ही कामे मोठी आहेत आणि माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांना त्यांचा उपयोग झाला आहे. एनपीटेलच्या काही अभ्यासक्रमांचा मजकूर मराठीतही आला आहे, पण तो मुख्यतः अभियांत्रिकीचा. आमच्या खोलीतल्या माणसाला जे हवे आहे, ते इंग्रजीच्या दाराआड आहे.

ते दार किती जड आहे हे एका वहीवरून सांगते. आमच्यातील एक वॉचमन रात्रपाळीला एका कानात इअरफोन घालून, दुसरा कान फाटकाकडे ठेवून, राज्यघटनेवरचा एक इंग्रजी अभ्यासक्रम ऐकत असे. दहावी झालेला, वाचनाची गोडी असलेला माणूस. ऐकू आलेले शब्द तो देवनागरीत लिहून ठेवी. एका पानावर त्याने लिहिले होते, ‘सेपरेशन ऑफ पॉवर्स’, आणि पुढे प्रश्नचिन्ह. त्याखाली ‘चेक्स अँड बॅलन्सेस’, आणि त्याच्यापुढे कंसात एक शब्द, ‘बँक?’. अशी चौदा पाने होती. चौदा रात्री हा माणूस खुर्चीवर बसून, दर गाडीला उठून फाटक उघडत, न समजणारे शब्द सुवाच्य अक्षरात उतरवत होता, या आशेने की पुढच्या पानावर तरी उलगडा होईल. मी त्याला कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ या तिघांनी एकमेकांवर अंकुश ठेवण्याची कल्पना मराठीत सांगितली, तेव्हा पंधरा मिनिटे पुरली. तो म्हणाला, ‘म्हणजे सोसायटीत तिजोरीची किल्ली आणि हिशेबाची वही एकाच माणसाकडे नसावी, असंच ना बाई?’ घटनेचे याहून चांगले उदाहरण मला सव्वीस वर्षांत सुचले नव्हते.

यावर कोणी म्हणेल की आता यंत्र भाषांतर करते. मी ते वापरून पाहिले आहे. मधुमेहावरच्या एका पाठाखाली मराठी अक्षरे उमटत होती आणि त्यांत शरीरातील प्रत्येक पेशीला ‘कोठडी’ म्हटले होते, कारण इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे. साखर कोठडीत शिरत नाही, असे ते वाक्य. आमच्यातील आशासेविकेने ते वाचून फोन बाजूला ठेवला. यंत्रे सुधारतील, आणि त्यांची मदत जरूर घ्यावी. पण विषय जाणणाऱ्या माणसाने तो मजकूर वाचून, सुधारून, त्याखाली आपले नाव घातल्याशिवाय तो आरोग्याच्या बाबतीत कोणाच्या हाती देऊ नये, असे माझे मत आहे.

यूट्यूबवर मराठी व्हिडिओंना तोटा नाही हेही खरे. इतिहास आणि राज्यघटना या विषयांवर तर ते ढिगाने आहेत. पण त्यांतले जे माझ्या पाहण्यात आले, ते बहुतेक स्पर्धा परीक्षेसाठी केलेले आहेत. कलम कितवे, साल कोणते, समितीचा अध्यक्ष कोण. त्या मुलांची गरज खरी आहे, आणि सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये रात्र रात्र बसणाऱ्या त्या मुलांविषयी मला आस्था आहे. तरीही पाठांतरासाठी रचलेला मजकूर आणि समजण्यासाठी रचलेला मजकूर यांत फरक असतो. पहिल्यात उत्तर आधी येते. दुसऱ्यात प्रश्न आधी येतो आणि तो सोडवायला माणसे कोणत्या वाटेने गेली, हे दिसते.

इतिहासाचे उदाहरण देते. छत्रपती शिवाजी महाराजांची जन्मतारीख १९ फेब्रुवारी १६३० हे आता शालेय पुस्तकात आहे. ती ठरली कशी, हे माझ्या वर्गातल्या दर बॅचमध्ये कोणीतरी विचारलेच, कारण घरातल्या वडीलधाऱ्यांनी दुसरी तिथी ऐकलेली असते. उत्तर अतिशय रंजक आहे. नंतरच्या बखरींतून शके १५४९ चा वैशाख, म्हणजे १६२७, हे साल रूढ झाले होते. मग कारीच्या जेधे घराण्याकडची शकावली, म्हणजे घटनांची सालवार टिपणे, लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली आणि तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद निघाली. महाराजांच्याच काळातले कवींद्र परमानंदांचे ‘शिवभारत’ तीच तिथी सांगते, आणि जोधपूरकडे सापडलेली कुंडलीही तिच्याशी जुळते. समकालीन कागद आणि नंतर लिहिलेली बखर यांचे वजन सारखे का नसते, एका साधनाला दुसऱ्या स्वतंत्र साधनाचा आधार का लागतो, शक आणि तिथी यांवरून इंग्रजी तारीख कशी काढतात, हे सगळे या एका उदाहरणात आहे. हे शिकलेला माणूस पुढे मोबाईलवर आलेला कोणताही ‘खरा इतिहास’ वाचताना आधी विचारतो, की याला कागद कोणता? भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, भारत इतिहास संशोधक मंडळ, डेक्कन कॉलेज, पेशवे दप्तर सांभाळणारे पुराभिलेखागार, या सगळ्या संस्था एकाच शहरात असताना ‘इतिहास कसा सिद्ध करतात’ या विषयाचे दहा पाठ मराठीत, फुकट, पहिल्या पायरीपासून शेवटापर्यंत मांडता येणार नाहीत, हे मला पटत नाही.

राज्यव्यवहाराची गरज तर दारातच उभी आहे. धायरी २०१७ मध्ये महापालिकेत आली. नांदेड, किरकटवाडी आणि इतर गावे मिळून तेवीस गावे २०२१ मध्ये आली. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांकडे होता. ज्यांची ग्रामपंचायत गेली आणि नगरसेवकही नव्हता, अशा गावांतल्या माणसाने पाण्याची तक्रार कोणाकडे न्यायची? हा प्रश्न आमच्या खोलीत महिनाभर चालला. त्याच्या उत्तरात पंचायतींना आणि नगरपालिकांना घटनेत स्थान देणारी १९९२ ची ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती येते, शहरांच्या कारभाराचे बाराव्या अनुसूचीतले अठरा विषय येतात, क्षेत्रीय कार्यालय येते, माहितीचा अधिकार येतो, आणि नागरिकांनी आपल्या प्रभागातील कामे सुचवायचा महापालिकेचा तो अर्जही येतो, जो आमच्यापैकी एकानेही तोवर पाहिला नव्हता. ‘आपले शहर कसे चालते’ हा अभ्यासक्रम गोखले संस्थेसारखी अर्थशास्त्राची जुनी संस्था आणि एखादा राज्यशास्त्र विभाग मिळून करू शकतील. त्यात पक्षीय काही येण्याची गरज नाही.

विज्ञानाबद्दल थोडेच लिहिते, कारण तेथे पुण्याने आधीच वाट घालून दिली आहे. डॉ. जयंत नारळीकरांनी विश्वरचनाशास्त्र मराठीत आणले. आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतील मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी केली आणि ती कशी करायची, हे अनेक भाषांत सगळ्यांना विनामूल्य खुले करून ठेवले. नारायणगावाकडे खोडदजवळ रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशाकडे कान लावून आहेत आणि त्यांच्याभोवती द्राक्षाच्या आणि टोमॅटोच्या बागा आहेत. त्या बागांतल्या माणसाला रेडिओ खगोलशास्त्राचा एक नीट अभ्यासक्रम त्याच्या भाषेत मिळावा, एवढेच मागणे आहे.

आरोग्यात तर महाराष्ट्राने जगाला शिकवले आहे की कमी शिकलेल्या माणसाला त्याच्या भाषेत पूर्ण आणि अचूक ज्ञान दिले तर काय होते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच बायकांना नवजात बाळाची तपासणी, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि उपचार करणे शिकवले. त्या गावांतील नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या बायकांना कोणी नुसती पत्रके दिली नव्हती. त्यांना शिकवले होते. जामखेडमध्ये त्याही आधी, १९७० पासून, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी हेच केले. मधुमेह, रक्तदाब, गरोदरपण, पाण्यातून होणारे आजार, साप चावल्यावर पहिल्या तासात काय करायचे, औषधाच्या चिठ्ठीवर काय लिहिलेले असते, या विषयांचे अभ्यासक्रम पुण्यातील वैद्यकीय महाविद्यालयांनी केले, तर त्यांचा उपयोग कोकणापासून गडचिरोलीपर्यंत होईल. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. एवढ्या लोकांसाठी एकदाच करायचे काम आहे हे.

आणि हे काम या शहराला परके नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी येथेच रात्रशाळा काढली. माझी शाळा त्याच वाटेवरची. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, जिला आजही लोक उन्हाळ्यातल्या संध्याकाळी जातात. केतकरांनी गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तेवीस खंडांचा ज्ञानकोश मराठीत उभा केला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईहून सुरू केलेला मराठी विश्वकोश वीस खंडांत पूर्ण झाला आणि आज तो इंटरनेटवर फुकट वाचता येतो. बालभारतीची पाठ्यपुस्तकेही तशीच उतरवून घेता येतात. पुणे विद्यापीठाचे बहिःशाल शिक्षण मंडळ तर नावातच सांगते की शाळेबाहेरच्या माणसाला शिकवणे हे विद्यापीठाचे काम आहे, आणि पहिले कुलगुरू बाबासाहेब जयकर यांच्या नावाने त्याची व्याख्यानमाला गावोगावी होते. विद्यापीठाच्या आवारात शैक्षणिक चित्रफिती तयार करणारे केंद्रही आहे. म्हणजे उद्देश आहे, जाणकार आहेत, यंत्रसामग्री आहे.

उणे काय, ते मी एकदा जवळून पाहिले. एका संस्थेत मी अठराव्या शतकातील पुण्याच्या पाणीपुरवठ्यावर एक अप्रतिम व्याख्यान ऐकले. कात्रजच्या तलावातून उताराने शहरात येणारे पाणी, हौद, हवेसाठी बांधलेले उच्छ्वास, सगळे नकाशासह. सभागृहात साठ-सत्तर माणसे असतील. मागे कॅमेरा लावलेला होता. दुसऱ्या दिवशी मी जाऊन चित्रफीत मागितली. ती आहे, पण बाहेर देता येत नाही, असे सांगण्यात आले; अर्ज केला, तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला, तीन महिन्यांनी कळले की परवानगी कोणी द्यायची हेच ठरलेले नाही. कोणाचीही नियत वाईट नव्हती. ज्यांनी मला चहा दिला, त्या ग्रंथपालांना माझ्याइतकेच वाईट वाटले. अशा किती हार्ड डिस्क या शहराच्या कपाटांत असतील याचा विचार मी अनेकदा करते.

म्हणून काही गोष्टी आग्रहाने मागते. अभ्यासक्रमांचा परवाना खुला असावा, म्हणजे एखाद्या शिक्षिकेने पाठ उतरवून घेतला, त्याची छायाप्रत काढून वाटली किंवा आपल्या भागातल्या बोलीत सांगितला, तर तिला कोणाची परवानगी मागावी लागू नये. मूळ लेखकाचे नाव ठेवावे, एवढी अट पुरे. नोंदणीची, ओटीपीची, परीक्षेची सक्ती नको. ज्याला प्रमाणपत्र हवे त्याची सोय वेगळी करावी, पण ज्याला फक्त शिकायचे आहे त्याला दारावर नाव विचारू नये. प्रत्येक चित्रफितीबरोबर तिचा पूर्ण मजकूर युनिकोडमध्ये असावा. स्कॅन केलेली पाने नकोत, कारण ती अंध व्यक्तीच्या मोबाईलला वाचून दाखवता येत नाहीत आणि त्यांत शब्द शोधताही येत नाही. नुसता आवाजही वेगळा उतरवून घेता यावा. पोळ्या लाटणाऱ्या बाईचे हात आणि डोळे कामात असतात. तिचे कान मोकळे असतात.

भाषेबद्दल एक विनंती, आणि ती मी मराठीवरच्या प्रेमापोटी करते. पाठ परिभाषा कोशातून उचललेल्या शब्दांनी जड करू नका. प्रतिपिंड हा शब्द जरूर शिकवा, पण तो अँटीबॉडी या शब्दाच्या हाताला धरून यावा, कारण दवाखान्यात तोच शब्द कानावर पडतो. आमच्या खोलीत कोणी ‘मला मधुमेह आहे’ म्हणत नाही, ‘शुगर आहे’ म्हणतात. जेथे माणूस उभा आहे तेथून त्याला पुढे न्यावे. लिहून झाल्यावर तो पाठ आठवी शिकलेल्या एका प्रौढ माणसाला वाचून दाखवावा आणि तो जेथे अडेल तेथे मजकूर बदलावा. माणूस बदलू नये.

प्राध्यापकांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. माझ्या ओळखीत असे कितीतरी आहेत जे हे काम उद्या सुरू करतील, पण त्यांच्या वर्षभराच्या कामाच्या हिशेबात त्याला जागा नसते. दहा पाठांचा मराठी अभ्यासक्रम लिहायला, तपासून घ्यायला आणि चित्रित करायला एका चांगल्या शोधनिबंधाएवढे श्रम पडतात, कदाचित जास्तच. त्याला तेवढेच वजन द्या, तासिकांत तेवढी सवलत द्या, आणि पाठ दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घेण्याची शिस्त शोधनिबंधासारखीच पाळा. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण सर्वांनी आनंद केला. नव्या शैक्षणिक धोरणातही मातृभाषेवर भर आहे. या दोहोंच्या नावाने जो निधी आणि जे मनुष्यबळ उपलब्ध होईल, त्यातला एक वाटा वर्गाबाहेरच्या माणसासाठी राखून ठेवा.

एकदम शंभर अभ्यासक्रमांची घोषणा नको. पहिल्या वर्षी चारच करा : इतिहास कसा सिद्ध करतात, आपले शहर कसे चालते, आकाशाचा अभ्यास कसा करतात, आणि पाण्यातून होणारे आजार. प्रत्येकी दहा पाठ, वीस-वीस मिनिटांचे. चार संस्थांनी एकेक वाटून घेतला, तर कोणा एकावर भार पडणार नाही.

आमच्याकडून जे देता येईल ते मी येथे लिहून ठेवते. गेल्या सहा वर्षांत खोलीत विचारले गेलेले प्रश्न मी एका वहीत तारखेसह उतरवले आहेत. चारशेहून थोडे जास्त आहेत. कोणत्याही पाठाची आखणी करताना ती वही आपल्याला घेऊन जाता येईल. तयार झालेला कच्चा मसुदा ऐकायला आमची माणसे मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी साडेसातनंतर मोकळी असतात. ती थकून आलेली असतात, पण जेथे समजणार नाही तेथे हात वर करतात. ज्याने चौदा पाने लिहिली होती तो वॉचमन आता दिवसपाळीला आहे, आणि पहिला श्रोता म्हणून त्याने आपले नाव माझ्याकडे आधीच दिले आहे.

आपली नम्र,
रात्रशाळेतील एक निवृत्त शिक्षिका
धायरी, पुणे